रेडिओवर विनोदी कार्यक्रम करून मराठवाड्यात पोट भरतं का?

निव्वळ त्यावर नाही. परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या आकाशवाणीवर नाटकात काम करायचं तर आधी आवाजाची चाचणी. पास झालात की 'बी' श्रेणीपासून सुरुवात. नैमित्तिक उद्घोषकालाही (म्हणजे गरजेपुरता बोलावलेल्या निवेदकालाही) महिन्याला साधारण सहाच ड्युट्या मिळतात. म्हणून यातले बहुतेक जण शाळेत मास्तर, नाहीतर शेती सांभाळून येणारे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'वाले लक्ष्मण देशपांडे एकट्याने ५२ पात्रं उभी करायचे (रंगमंचावर, रेडिओवर नव्हे), पण विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवण्याची नोकरी त्यांनाही होतीच.

खरी दमछाक वेगळीच. स्टुडिओत हशा येत नाही. काचेपलीकडचा माणूस घड्याळाकडे बघत बसलेला. संहिता आधीच मंजूर झालेली, त्यामुळे ऐनवेळी सुचलेला टोमणा गिळायचा. चेहरा दिसत नसल्यामुळे सगळी मदार आवाजावर. "काय करुलालास?" यातला हेल जरा चुकला की लातूरकर लगेच ओळखतो, गडी आपल्याकडचा नाही.

माझे मामा विनोदी श्रुतिका, म्हणजे रेडिओवरची छोटी नाटकं, करायचे. पावसाने सोयाबीन गेलं त्या आठवड्यातही माईकपुढे खिदळून आले. पारावर भेटेल तो म्हणायचा, "अण्णा, एखादा जोक होऊन जाऊ द्या की." मामी मात्र वैतागायची, सगळं हसू तिकडंच सांडून येतात, घरी नुसतं हूं हूं.

तरी हौस असेल तर चाचणी द्याच. आपल्या बोलीत लिहिलेली दहा मिनिटांची संहिता सोबत असू द्या, आणि हातची नोकरी सोडू नका.