फिश टँक, रांगतं बाळ आणि मांजर : वाचकांचे प्रश्न

फिश टँकबद्दल येणारी पत्रं एरवी माशांच्या आजारपणाची असतात. या अंकासाठी निवडलेली पत्रं मात्र घरातल्या लहानग्यांची आणि चार पायांच्या मंडळींची आहेत. बहुतेकांना भीती वाटते ती काच फुटण्याची. प्रत्यक्षात दुखापत होते ती स्टँड, वायर, बादली आणि औषधाच्या बाटलीमुळे, म्हणून उत्तरांतही त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : दोन फुटी टाकी लोखंडी स्टँडवर आहे. मुलगी नऊ महिन्यांची, धरून उभी राहायला लागली आहे. टाकी काढून टाकावी का? (डोंबिवली)

काढायची गरज नाही, पण स्टँड आजच तपासा. 2 × 1 × 1 फूट टाकीत काठोकाठ 56 लिटर पाणी मावतं. वरचे दोन इंच मोकळे सोडले तरी 47 लिटर, म्हणजे 47 किलो. त्यात काचेचे नऊ-दहा किलो आणि खड्यांचे सहा-आठ किलो धरा. एकूण भार 65 किलोच्या आसपास जातो, आणि तो सगळा जमिनीपासून अडीच फुटांवर. खाली स्टँडची रुंदी जेमतेम एक फूट. स्टँडचा एक पाय टाइलवर किंचित अधांतरी असेल, तर मूल आडव्या पट्टीला लोंबकळताच तो पुढे झुकतो.

टाकीच्या वरच्या कोपऱ्यावर हात ठेवून अगदी हलकं पुढे-मागे करून पाहा. स्टँड ‘टक’ असा वाजला किंवा पाणी बराच वेळ हेलकावत राहिलं, तर पाया सम नाही. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालू नका. ती ओली होऊन दबते आणि महिन्याभरात टाकी पुन्हा तिरकी होते. कडक रबराचं किंवा पत्र्याचं पॅकिंग द्या आणि लेव्हल बाटलीने दोन्ही दिशांनी तपासा. मग स्टँडच्या (टाकीच्या नव्हे) वरच्या पट्टीला दोन एल-क्लॅम्प लावून ते भिंतीत पक्के करा. विटांच्या भिंतीत साध्या प्लास्टिकच्या गिट्ट्या चालतात. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत त्या काही दिवसांत सैल होतात, तिथे त्या ब्लॉकसाठीच मिळणारे फास्टनर मागून घ्या.

पॅकिंग आणि क्लॅम्पची कामं टाकी रिकामी करून करायची. भरलेली, अगदी अर्धी भरलेली टाकी उचलली किंवा सरकवली की तळाची काच पिळवटते आणि सिलिकॉनचा जोड आतून सुटायला लागतो. गळती लगेच दिसत नाही, दोन-चार आठवड्यांनी दिसते, त्यामुळे कारण कुणाच्या लक्षातही येत नाही. टाकी परत ठेवताना सपाट तळाच्या काचेखाली 10 मिलिमीटरचा थर्मोकोल घाला.

स्टँडच्या आडव्या पट्ट्या म्हणजे मुलांना आयती शिडी. समोरची बाजू प्लायने बंद करा. खालच्या कप्प्यात खाऊचे डबे ठेवू नका, नाहीतर मूल तिकडेच जाणार. आणि टीपॉयवरचा गोल काचेचा बाऊल, खाली लोंबणारा टेबलक्लॉथ, ही जोडी रांगत्या बाळाच्या घरात नकोच. माशालाही तो बाऊल सोसत नाही, तेव्हा सोडून द्यायला वाईट वाटू देऊ नका.

प्रश्न : टाकीत हात घातला की कधीकधी झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो, एमसीबी आहे, काळजी करू नका. मुलगा सात वर्षांचा आहे, त्याला टाकी साफ करायला आवडतं. (नाशिक)

काळजी कराच. हे वाचून झालं की टाकीच्या सगळ्या पिना काढा आणि दुरुस्ती होईपर्यंत कुणी पाण्यात हात घालू नका. मासे तोवर राहतील का, ही शंका असेल तर बॅटरीवरचा छोटा एअर पंप मिळतो, तो लावा.

एमसीबी पडतो तो शॉर्ट सर्किट झालं किंवा भार जास्त झाला तर. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा करंट त्याच्या लेखी अगदीच किरकोळ असतो, त्यामुळे तो पडत नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. जाणारा आणि परत येणारा करंट सारखा नाही, हे कळताच तो क्षणात वीज तोडतो. अर्थिंग नीट असेल तर गळती सुरू झाल्याबरोबर आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर कुणाचा तरी हात लागल्यावर पडतो. म्हणून दोन्ही हवेत. जुन्या चाळीत किंवा वाड्यात सॉकेट तीन भोकांचं असलं तरी मागे अर्थची वायर जोडलेली असतेच असं नाही, ते इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या. आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते तीन महिन्यांतून एकदा दाबा. वीज गेली नाही तर तो बदला.

झिणझिण्यांचं मूळ बहुतेक वेळा हीटरच्या काचेला गेलेली बारीक चीर किंवा पाण्यातल्या मोटरची झिजलेली वायर असते. एकेक उपकरण वेगळं लावून इलेक्ट्रिशियनला गळती मोजायला सांगा. दोषी उपकरण टाकून द्या. टेप गुंडाळून पाण्यात सोडलेली वायर ही दुरुस्ती नव्हे.

हीटर गरम असताना पाण्याबाहेर आला की तडकतो. पाणी बदलायच्या आधी 15-20 मिनिटं तो बंद करा आणि पातळी पुन्हा खुणेपर्यंत आल्यावरच चालू करा. मुंबई-कोकणात वर्षातला बहुतेक काळ टाकीचं पाणी 25-26 अंशांच्या खाली फारसं जात नाही. तिथे मूल लहान असेपर्यंत हीटरच लावला नाही तरी गप्पी, प्लॅटी मजेत राहतात. नाशिकच्या थंडीत तो लागेल, पण लिटरला एक वॉट पुरे. 50 लिटरला 50 वॉट.

सॉकेट टाकीच्या बाजूला असावं, बरोबर खाली कधीच नको. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खालपर्यंत झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी थेंब होऊन पडेल, पिनेत शिरणार नाही. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत एकदिशा व्हॉल्व्ह बसवा. लोडशेडिंगच्या वेळी पंप थांबला की पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून एक्स्टेन्शन बोर्डावर येतं. दिवा 12 व्होल्टचा एलईडी घ्या. कुणी वास्तुदोषासाठी टाकी अमुक कोपऱ्यात हवी म्हणून सांगितलं असेल आणि तिथे सॉकेट नसेल, तर खोलीभर वायर ओढण्यापेक्षा त्या कोपऱ्यात सॉकेटच बसवून घ्या.

मुलाला साफसफाई करू द्या, मात्र क्रम पक्का हवा. पिना मोठ्यांनी काढायच्या, त्याला त्या हातात दाखवायच्या, मग हात पाण्यात. नळी तोंडाने ओढून पाणी काढणं घरात कुणीच करू नये, मुलं तेच उचलतात. रबरी फुग्याचा सायफन मिळतो. हाताला ताजं खरचटलेलं असेल तर हातमोजे घाला. टाकीच्या पाण्यातला एक जिवाणू जखमेतून शिरतो आणि दोन-चार आठवड्यांनी बोटावर न दुखणारी, न बरी होणारी गाठ येते. तशी गाठ आली तर डॉक्टरांना घरी टाकी आहे हे आवर्जून सांगा, एरवी त्यांच्या ते डोक्यात येत नाही.

प्रश्न : पाणी बदलताना दीड वर्षाच्या बाळाला सांभाळायला कुणी नसतं. चालेल का? (कोल्हापूर)

नाही. त्या दिवशी पाणी बदलू नका. टाकीपेक्षा धोकादायक असते ती खाली ठेवलेली भरलेली बादली. या वयात डोकं जड असतं. मूल वाकून तोल जाऊन उलटं पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, आणि बुडायला दोन इंच पाणीही पुरतं. आवाजही होत नाही. बाळ झोपल्यावर काम करा, किंवा सायफनची नळी लांब घेऊन पाणी थेट मोरीत सोडा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जावा म्हणून भरून ठेवलेली बादलीही बाथरूमचं दार लावूनच ठेवायची. अँटिक्लोरीनचे थेंब वापरले तर ती बादली दिवसभर ठेवावीच लागत नाही.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाने खाद्याचा अर्धा डबा टाकीत ओतला. आम्ही सगळं पाणी बदललं, तरी दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि दोन मासे मेले. काय चुकलं? (छत्रपती संभाजीनगर)

सगळं पाणी बदललंत, तिथेच गाडी घसरली. माशांना तापमानाचा आणि नव्या पाण्याचा धक्का बसला. फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुतला असेल, तर त्यातले अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) पचवणारे जिवाणू क्लोरीनने मेले. खड्यांत अडकलेलं खाद्य मात्र तिथेच राहून कुजलं. पाणी दुधाळ दिसतं ते या कुजण्यावर वाढलेल्या जिवाणूंमुळे, आणि ते पाण्यातला प्राणवायू खातात. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत असतील तर कारण तेच.

पुन्हा असं झालं तर फिल्टर बंद करू नका, उलट एअर पंप पूर्ण जोराने लावा. तरंगणारं खाद्य जाळीने काढा. मग सायफनचं तोंड खड्यांत खुपसत तळ साफ करा. या ओढण्यात तिसरा भाग ते निम्मं पाणी जाईल, तेवढंच बदला, तेही तशाच कोमट-थंड आणि अँटिक्लोरीन घातलेल्या पाण्याने. स्पंज काढलेल्या टाकीच्या पाण्यातच दोनदा पिळा. दोन दिवस खाद्य बंद. पुढचे दोन दिवस रोज पाव भाग पाणी बदला. धडधाकट मोठे मासे दोन दिवस उपाशी आरामात राहतात.

मुलाला खाऊ घालू द्यायचं असेल तर औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी आणा. रविवारी तुम्ही भरायची, रोज एक खण त्याने टाकायचा. एका वेळचा हिशेब, दोन मिनिटांत संपेल एवढंच. डबा वरच्या कपाटात. घरात कुणाला कोळंबीची अ‍ॅलर्जी किंवा दमा असेल तर वाळवलेल्या लाल अळ्यांचं खाद्य टाळा, त्याच्या भुकटीने शिंका आणि धाप सुरू होऊ शकते. खाद्य घालण्याआधी हात नुसत्या पाण्याने खळखळून धुवायचे, कारण सॅनिटायझर-साबणाचा अंश माशांना बाधतो. नंतर मात्र साबण हवाच.

प्रश्न : माशांची औषधं मुलांनी तोंडात घातली तर? (फोंडा, गोवा)

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू, हिरवं म्हणजे मॅलाकाइट ग्रीन. शिवाय फॉर्मलिन, पोटॅशियम परमँगनेट आणि पाणी तपासायच्या किटमधल्या बाटल्या, ज्यांत तीव्र अल्कली किंवा आम्ल असतं. हे सगळं कुलपात ठेवायचं, सरबताच्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. पोटात गेलं तर उलटी करवू नका. तोंड पुसा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा, वाहन नसेल तर 108. मुलाला जी-6-पीडी या एन्झाइमची कमतरता असल्याचं माहीत असेल तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. अशा मुलांत मिथिलीन ब्लूने रक्तपेशी फुटतात.

याहून घाईची गोष्ट सहसा कुणी विचारत नाही. टाकीला चिकटवायच्या डिजिटल थर्मामीटरमध्ये बटण सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे भाजतं. मूल हसत-खेळत असलं तरी एक्स-रे काढता येईल अशा रुग्णालयात ताबडतोब न्या. वर्षापेक्षा मोठ्या, नीट गिळू शकणाऱ्या मुलाला वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधण्यात वेळ घालवू नका. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर पाऱ्याशिवायचा साधा काचेचा किंवा पट्टीचा थर्मामीटर घ्या. सजावटीच्या गोट्या आणि मोकळे खडेही त्याच्या हाताला लागू देऊ नका.

प्रश्न : मांजर टाकीवर चढून बसतं आणि कोपऱ्यातून पाणी पितं. (पुणे)

चढतं ते बहुधा उबेसाठी. जुन्या ट्यूबलाइटचं झाकण गरम होतं, एलईडी लावलात की निम्मं आकर्षण संपतं. चार मिलिमीटरच्या काचेच्या झाकणावर चार किलोचं मांजर शेजारच्या कपाटावरून उडी मारून आलं तर काच फुटू शकते. त्याऐवजी सहा मिलिमीटरचा पोकळ पॉलिकार्बोनेटचा पत्रा मापात कापून घ्या आणि दोन्ही बाजूंना क्लिप लावा. अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं, पण वाफेने वाकतं आणि कोपरे उघडे पडतात. वायरीसाठी कापलेली खाच पंजा जाणार नाही एवढीच ठेवा. क्लिपवर लटकणारा दिवा काढाच. मांजराने पाडला तर तो थेट पाण्यात.

स्वच्छ टाकीचं पाणी चाटल्याने मांजराला सहसा काही होत नाही. तांब्याचं औषध किंवा मीठ घातलेलं असेल त्या दिवसांत मात्र पूर्ण बंदोबस्त हवा. वायरी चावण्याची सवय असेल तर त्या पीव्हीसी पट्टीत घाला. मासे सतत कोपऱ्यात दबून बसत असतील तर मागे गडद कागद लावा आणि झाडं वाढवा, त्यांना दडायला जागा हवी.

प्रश्न : डासांचा फवारा आणि कुत्र्याच्या गोचिडांचं औषध टाकीच्या खोलीत चालतं का? (ठाणे)

दोन्हींत बऱ्याचदा पायरेथ्रॉइड गटातलं रसायन असतं आणि ते माशांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. एअर पंप खोलीतली हवाच पाण्यात सोडतो, त्यामुळे फवारण्याआधी तो बंद करा. टाकी प्लास्टिकने झाका, पाण्यातला फिल्टर चालू राहू द्या. खिडक्या उघडून तास-दीड तास गेल्यावरच पंप लावा. शक्य असेल तर त्या खोलीला जाळ्या बसवा आणि फवारा सोडून द्या. कुत्र्याला गोचिडांचं औषध लावलेल्या हातांनी त्या दिवशी टाकीत काही करू नका. कुत्र्याच्या औषधात परमेथ्रिन असेल तर ते मांजरालाही घातक आहे, पूर्ण सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.

प्रश्न : मुलीला वाढदिवसाला छोटं कासव हवंय, माशांच्याच टाकीत. (बेळगाव)

पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर नको. दिसायला निरोगी कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो आणि लहान मुलांना त्याचे जुलाब जड जातात. अमेरिकेत याच कारणासाठी चार इंचांखालची कासवं विकायला 1975 पासून बंदी आहे. इथल्या अनेक देशी कासवांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्याने ती पाळणं गुन्हा ठरतं. दुकानात मिळतं ते लाल कानाचं परदेशी कासव वाढून ताटाएवढं होतं, माशांना खातं, आणि मग लोक ते तळ्यात सोडतात. तेही करू नये. मुलीला दहा गप्पी आणून द्या. आठवड्याभरात पिल्लं झाली तर मोजायचं काम तिचंच.