लेकीला सुट्टी नाही, आम्ही दोघंच जाऊ का?

प्रश्न : ताई, आमची मुलगी झुरिकला नोकरीला आहे. जूनमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे जातोय. आठवड्याच्या मधल्या दिवसांत तिला आणि जावयांना सुट्टी मिळणार नाही. जावई म्हणतात, ल्युसर्न शहर आणि एंगलबर्ग हे डोंगरातलं गाव दाखवणारी एका दिवसाची बससहल असते, सोबत गाईड असतो, तुम्ही दोघंच जाऊन या. मी प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. इंग्रजी समजतं, पण बोलायची वेळ आली की अडखळते. यांचा उजवा गुडघा दुखतो आणि बीपीची गोळी चालू आहे. मध्येच बस चुकली तर काय करायचं? एंगलबर्गजवळच्या टिटलिस डोंगराच्या शिखरावर जावं की गावातच थांबावं? मुलगी म्हणते काळजी करू नका, पण काळजी वाटतेच.
— एक वाचक, मिरज

उत्तर : जा. दोघंच जा. मुलीच्या सुट्टीची वाट बघत बसलात तर महिनाभर तिच्या घराची गॅलरी आणि कोपऱ्यावरचं दुकान एवढंच स्वित्झर्लंड बघून परत याल. महाराष्ट्रातून जाणाऱ्या गटांबरोबर टूर मॅनेजर म्हणून मी बरीच वर्षं याच रस्त्यावरून गेले आहे, त्यामुळे हे अगदी खात्रीने सांगते.

आधी तुमच्या भीतीबद्दल. समजा बस चुकलीच. ल्युसर्नहून झुरिकला साधारण दर अर्ध्या तासाने गाडी असते आणि ती पंचेचाळीस-पन्नास मिनिटांत मुख्य स्थानकावर सोडते. एंगलबर्गला चुकली तर तिथून तासातासाने ल्युसर्नची गाडी आहे, ती पाऊण तासाच्या आत ल्युसर्नला आणते. तिथे गाडी बदलायची की झालं. म्हणजे वाईटात वाईट एवढंच होईल की तिकिटाचे जादा पैसे जातील आणि घरी पोचायला थोडा उशीर होईल. गाईडचा मोबाइल नंबर सकाळीच घ्या. उतरलात की जिथे परत जमायचं त्या जागेचा फोटो काढा आणि जमायची वेळ कागदावर लिहून त्यालाच दाखवा, "राइट?" एवढं विचारा. एवढं इंग्रजी पुरतं. बसमध्ये पुढच्या दोन-तीन रांगांत बसा. पुढे बसलेल्या माणसांना गाईड ओळखायला लागतो आणि मोजणी करताना ती नाहीत हे त्याच्या पटकन लक्षात येतं.

वेळेच्या बाबतीत हे गाईड कडक असतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ल्युसर्नला श्वानेनप्लात्झ नावाच्या चौकात बस जेमतेम उतरण्या-चढण्यापुरती थांबते, उभी करून ठेवता येत नाही. शिवाय ड्रायव्हरने किती तास गाडी चालवायची आणि मध्ये किती विश्रांती घ्यायची, याचे कायदे तिकडे काटेकोर आहेत. एकासाठी दहा मिनिटं थांबलं की सगळं गणित बिघडतं.

आता ल्युसर्न. मोकळा वेळ बहुतेक सहलींत तास-दीड तासाचा मिळतो. तुम्ही जिथे उतराल त्या चौकाभोवती घड्याळांची, चाकूंची, चॉकलेटची मोठमोठी दुकानं आहेत. आपल्या माणसांचा निम्मा वेळ तिथेच जातो. माझी कळकळीची विनंती आहे, आत जाऊ नका. चॉकलेट तुमच्या मुलीच्या घराजवळच्या कोणत्याही दुकानात मिळतं आणि स्वस्तही पडतं.

त्यापेक्षा चौकातून दोन-तीन मिनिटांवर रॉइस नदीवर छपराचा लाकडी पूल आहे, तिथे जा. चौदाव्या शतकातला पूल, १३३३ हे साल सांगतात. लांबी दोनशे मीटरच्या आसपास. त्याला खेटून पाण्यात उभा असलेला अष्टकोनी दगडी बुरूज पुलाहूनही जुना आहे. फोटो सगळेच काढतात. तुम्ही पुलाच्या आत जा आणि मान वर करा. छपराच्या आतल्या प्रत्येक त्रिकोणात सतराव्या शतकातली रंगवलेली फळी बसवलेली असायची. शहराचा इतिहास, त्यांचे संत, लढाया. १९९३ च्या ऑगस्टमध्ये रात्री पुलाला आग लागली, मधला बराचसा भाग जळाला आणि चित्रांपैकी बहुतेक गेली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये पूल पुन्हा उभा करून लोकांसाठी खुला केला. चालता चालता त्रिकोण रिकामे व्हायला लागतात, मध्येच एखादी काळवंडलेली फळी दिसते, आणि पुलाच्या टोकांकडे परत रंग दिसायला लागतात.

एकदा माझ्या गटात कोल्हापूरकडचे एक सुतारकाम करणारे आजोबा होते. बाकीचे घड्याळं बघायला गेले आणि हे पुलावर एका खांबाशी थांबले. म्हणाले, "बाई, हितं बघा, जुनं लाकूड कुठं संपतं आन् नवं कुठं सुरू होतं." बोट ठेवून दाखवलं. एका बाजूला काळपट, रेषा खोल गेलेलं, हाताला गुळगुळीत लागणारं लाकूड, आणि त्याला बेमालूम जोडलेलं फिकट नवं. तोपर्यंत मी त्या पुलावरून कितीतरी गट नेले होते, पण तो सांधा मला त्यांनीच दाखवला. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, पूल बघायचा तर लाकडाला हात लावून बघा.

वेळ उरला आणि गुडघा साथ देत असेल तर दहा मिनिटं चालून सिंहाच्या स्मारकाकडे जा. बऱ्याच सहलींत बस त्याच्या जवळ थांबवतात, गाईडला विचारा. खडकाच्या उभ्या भिंतीत कोरलेला, दहा मीटर लांबीचा, मरणाला टेकलेला सिंह आहे. बरगडीत भाल्याचं तुटकं टोक आहे आणि पंजा ढालीवर आहे. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या राजवाड्यात फ्रान्सच्या राजाच्या पदरी असलेले शेकडो स्विस शिपाई मारले गेले, त्यांचं हे स्मारक. आराखडा थोरवाल्डसन या डॅनिश शिल्पकाराचा, १८२१ मध्ये पूर्ण झालं. तुम्ही शिक्षिका होता म्हणून एवढं लिहिते आहे. फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना आपण राजा, राणी, बास्तीयचा तुरुंग एवढंच सांगतो. पोटासाठी परमुलखात चाकरीला गेलेल्या डोंगराळ गावांतल्या पोरांचं काय झालं, ते इथे कळतं. त्या काळी हा देश गरीब होता आणि तरणी मुलं दुसऱ्यांच्या फौजांत पाठवून घरं चालत होती. पुढे एंगलबर्गच्या वाटेवर ती हिरवी खोरी बघाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

ल्युसर्नहून निघताना डाव्या खिडकीतून तळं दिसतं आणि उजवीकडे पिलाटसचा डोंगर. मध्ये बोगदे बरेच आहेत. पुढे खोरं अरुंद होत जातं आणि शेवटच्या चढानंतर एकदम एक सपाट, रुंद कुरण समोर येतं. तेच एंगलबर्ग, समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर.

शिखराचं म्हणाल तर तिकीट काढण्याआधी सहलीचा तपशील नीट वाचा. काही सहलींत फक्त गाव असतं, काहींत टिटलिसचा रोपवेही धरलेला असतो आणि काहींत तो आयत्या वेळी वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. वरचं स्थानक तीन हजार मीटरच्या थोडं वर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे समुद्रकिनाऱ्याच्या मानाने सत्तर टक्क्यांच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो. यांच्या डॉक्टरांना निघण्याआधी हा आकडा सांगूनच विचारा, नुसतं "डोंगरावर गेलो तर चालेल का" असं विचारू नका. डॉक्टर हो म्हणाले तर जरूर जा. शेवटच्या टप्प्याचा, केबिन गोल फिरणारा रोपवे १९९२ मध्ये सुरू झाला, तो जगातला तशा प्रकारचा पहिला. वर पोचलात की पहिली दहा मिनिटं नुसतं बसा, पाणी प्या, मग हळूहळू हिंडा. बर्फाच्या गुहेत जमीन निसरडी असते, गुडघ्यासाठी ती सोडलेली बरी. गावापेक्षा वर बारा-तेरा अंशांनी जास्त गार असतं. ऐन जूनमध्येही स्वेटर, कानटोपी आणि गॉगल हवाच. बर्फावरून येणारा उजेड डोळ्यांना फार त्रास देतो. आपल्या हिंदी सिनेमाच्या जोडीचा पुठ्ठ्याचा कटआउट तिथे आहे आणि त्याच्यासमोर रांग असते. हौस असेल तर काढा फोटो.

पण गाव बुडवू नका, माझा सगळा आग्रह त्यासाठी आहे. गट वर जातो, खाली येतो, थेट बसमध्ये बसतो आणि एंगलबर्ग पाहिलं म्हणून घरी सांगतो. रोपवेचं खालचं स्थानक नदीच्या एका काठाला आहे आणि गाव दुसऱ्या. वरून तीस-चाळीस मिनिटं आधी उतरलात तर सपाट रस्त्याने चालत मठापर्यंत जाऊन येता येतं. ११२० मध्ये स्थापन झालेला हा बेनेडिक्टिन पंथाचा ख्रिस्ती मठ आहे, १७२९ च्या आगीनंतर नव्याने बांधलेला. आजही तिथे साधू राहतात, शाळा चालते. चर्चमध्ये जरूर बसा. पांढरंशुभ्र, उंच, आणि तिथला ऑर्गन देशातल्या सर्वांत मोठ्या ऑर्गनपैकी एक आहे. मठातच चीज करतात, काचेमागे काम बघता येतं. घंटेच्या आकाराचं त्यांचं मऊ चीज प्रसिद्ध आहे. मुलीसाठी काही न्यायचंच असेल तर ते न्या.

डॉक्टर नाही म्हणाले तर हळहळू नका. तुम्ही एकट्या वर जा आणि यांना गावात बाकावर बसू द्या, असं मी मुळीच सुचवणार नाही. गावापुरती सहल निवडा. मठ, चीज, कुरणातली वाट आणि समोर टिटलिस. दोन तास सहज जातात.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी साठीच्या आतबाहेर. ट्रेनने स्वतःच गेलं तर बसपेक्षा स्वस्त पडेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्याकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर हो. झुरिक ते एंगलबर्ग पूर्ण प्रवास त्यात येतो आणि टिटलिसच्या रोपवेला निम्मी सूट मिळते. पास नसेल तर फरक फारसा राहत नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की मोकळीक हवी की कोणीतरी सांगणारं हवं. पहिल्या खेपेला मी गाईडची बस घ्या म्हणेन. पुलावरची चित्रं आणि सिंहाची गोष्ट कोणी सांगितली नाही तर माणसांची गर्दी आणि एक दगड एवढंच दिसतं. दुसऱ्यांदा जाल तेव्हा ट्रेनने जा आणि एंगलबर्गला मुक्काम करा. तिघी आहात, हिंडायची सवय आहे, तर तुम्हाला ते फार आवडेल.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. दिवसभर काय खायचं? आणि ढग असतील तर सहल रद्द करावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घरून पोळी-भाजीचा डबा न्या, कोणीही काही म्हणत नाही. फक्त उपाहारगृहाच्या टेबलावर बसून तो उघडू नका. बाहेर बाकावर बसा. रस्त्यावरच्या कारंज्यांचं पाणी पिण्याचं असतं, "काइन ट्रिंकवासर" असं लिहिलेलं असेल तेवढं सोडून. बाटली भरून घ्या, विकत घेऊ नका. गरम हवं असेल तर रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचं थालीपीठच, किंवा एल्प्लरमाग्रोनन, म्हणजे मॅकरोनी, बटाटा, चीज, वर परतलेला कांदा आणि सोबत सफरचंदाचा गोड गर. दोन्हींत डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून मागवतानाच "ओने श्पेक, ओने फ्लाइश" म्हणा. तुमच्याकडे अगदी कडक पाळत असतील तर हेही माहीत असू द्या की तिथल्या पारंपरिक चीजमध्ये बहुधा वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण वापरतात. तेव्हा मठातलं चीज घेण्याआधी विचारून घ्या.

ढगांसाठी सहल रद्द करू नका, शिखर रद्द करा. टिटलिसवरच्या कॅमेऱ्यांचं थेट चित्र सकाळी मोबाइलवर बघता येतं. झुरिकला ढग असून वर लख्ख ऊन, असंही पुष्कळदा असतं. उलट खाली निळं आकाश आणि दक्षिणेकडून फ्योन नावाचा गरम वारा सुटला असेल तर रोपवे बंद ठेवतात. शिखराचं तिकीट वेगळं घ्यायचं असेल तर ते आदल्या दिवशी घेऊन ठेवू नका. नोव्हेंबरात जाणार असाल तर देखभालीसाठी रोपवे काही दिवस बंद असतो, त्या तारखा आधी बघा.