सोळा हजार होन की एक क्रोड बेचाळीस लक्ष?

आपण विचारले आहे की, शिवराज्याभिषेकाचा खर्च सभासद बखरीत एक क्रोड बेचाळीस लक्ष होन असा आहे आणि हेन्री ऑक्झेंडेन या इंग्रज वकिलाच्या नोंदीत सोळा हजारांचा आकडा येतो, तेव्हा या दोघांपैकी खोटे कोण लिहितो? माझ्या मते दोघेही खोटे लिहीत नाहीत. हे दोन आकडे मुळात एकाच गोष्टीचे नाहीत, आणि ते लिहिणाऱ्यांची कामेही निरनिराळी होती.

आधी सोळा हजारांचे पाहू. ऑक्झेंडेनने दिलेला आकडा हा समारंभाच्या एकूण खर्चाचा नाही; महाराजांची सुवर्णतुला झाली तेव्हा पारड्यात चढलेल्या सोन्याचा आहे. तो ज्याला पगोडा म्हणतो तो आपला होन, म्हणजे सोन्याचे नाणे. होन साधारण साडेतीन ग्रॅमचा धरला तर सोळा हजार होनांचे वजन छप्पन किलोच्या आसपास भरते, म्हणजे एका सडपातळ माणसाचे वजन. आकडा विश्वासार्ह वाटतो तो त्यामुळेच, लिहिणारा इंग्रज आहे म्हणून नव्हे. (आपल्याकडे परकीयाने लिहिले की ते निःपक्षपाती, असे समजण्याची जुनी खोड आहे.)

ऑक्झेंडेन रायगडावर आला होता तो ईस्ट इंडिया कंपनीचे काम घेऊन. राजापूरची वखार लुटली गेली त्याची भरपाई, व्यापाराची मोकळीक, किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांवरचा हक्क, अशी तहाची कलमे त्याला पदरात पाडून घ्यायची होती, आणि त्याचे लिखाण वाचणार होते ते त्याला पाठवणारे वरिष्ठ. त्यामुळे त्याची नजर सतत अंदाज घेत फिरते. ६ जून १६७४ रोजी दरबारात त्याने मुजरा केला, दुभाषा नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, महाराजांचे लक्ष जाताच त्यांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावून वस्त्रे दिली गेली, हे तो क्रमवार लिहितो. कारण आपल्या वकिलाला कुठवर जाऊ दिले हे वरिष्ठांना कळणे गरजेचे होते. सिंहासनाच्या बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर लावलेली मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचे चिन्ह म्हणून टांगलेला तराजू त्याने टिपला. इतक्या अवघड वाटेने हत्ती वर चढवले तरी कसे, याचेही त्याला नवल वाटले. मंत्र कोणते म्हटले, कोणत्या नद्यांची उदके आणली, यात त्याला रस नव्हता.

आता सभासद. आपल्या प्रश्नाची खरी किल्ली येथे आहे, म्हणून येथे थोडा रेंगाळतो. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती १६९७ मध्ये, दक्षिणेतील जिंजीच्या किल्ल्यात, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. रायगड १६८९ मध्येच मोगलांच्या हाती गेला होता आणि जिंजीला मोगल सरदार झुल्फिकारखानाचा वेढा पडून काही वर्षे लोटली होती. अशा वेळी धन्याने काय विचारले, ते सभासद आरंभीच सांगतो: आमच्या वडिलांनी एवढा पराक्रम केला, पातशाह्यांशी दावा मांडला, असे असता औरंगजेबाने येऊन कित्येक किल्ले घेतले, याचा अर्थ काय? तुम्ही जुने माहीतगार आहात, तर पहिल्यापासूनचे चरित्र लिहा.

हा प्रश्न मनात ठेवून बखर पुन्हा वाचावी, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. गडांच्या लांबच लांब याद्या, सरदारांची नावे, खजिन्यातील जिनसांची मोजदाद हा भाग आपण कंटाळून ओलांडतो. पण गड हातचे गेलेल्या मुलाला बापाने काय काय उभे केले होते ते मोजून दाखवणारा नोकर तेथे बोलत असतो. एक क्रोड बेचाळीस लक्ष हा आकडा त्याच मोजदादीतला. तो खर्चवहीतून उतरवला की तेवीस वर्षांनी आठवणीतून आला, याचा पुरावा बखर देत नाही. म्हणून तो शब्दशः घेऊ नये आणि फेकूनही देऊ नये. ‘मऱ्हाटा पातशहा येवढा छत्रपती जाला. ही गोष्ट काही सामान्य जाली नाही’ हे वाक्य आज आपण जयघोषासारखे वाचतो. वेढ्यात बसलेल्या राजारामांच्या कानांवर ते कसे पडले असेल?

बत्तीस मणांच्या सिंहासनाचेही तेच. अनेक वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी मी त्याचे आजच्या मणाने किलो काढून मोठ्या ऐटीत छापले होते. एका वृद्ध वाचकांनी पोस्टकार्डावर एवढेच विचारले, ‘मण कुठला?’ प्रांताप्रांतांत मण वेगळा होता हे मला ठाऊक होते. लिहिताना सुचले नाही, कारण मला मोठा आकडा हवा होता.

याच प्रसंगाचे दोन संस्कृत ग्रंथ आपल्या वाचनात येतीलच. गागाभट्टांच्या नावावरील राज्याभिषेकप्रयोग हा विधी कसा करावा हे सांगतो, त्यामुळे त्यातील ‘करावे’ याचा अर्थ ‘केले’ असा घेता येत नाही. शिवराज्याभिषेककल्पतरू हा निश्चलपुरी या तांत्रिक गोसाव्यांच्या बाजूचा ग्रंथ आहे. पहिल्या अभिषेकाच्या आगेमागे घडलेली अरिष्टे तो मोजतो, कारण २४ सप्टेंबर १६७४ च्या दुसऱ्या, तांत्रिक अभिषेकाची गरज त्याला पटवून द्यायची आहे. जिजाऊसाहेबांचे निधन ही घटना खरी. तिला विधीतील उणिवेचे फळ ठरवणे हे त्या पक्षाचे म्हणणे.

तेव्हा आपल्या लेखात सोळा हजार होन हा आकडा ‘तुलेचे सोने, ऑक्झेंडेनच्या नोंदीप्रमाणे’ असा द्यावा, आणि एक क्रोड बेचाळीस लक्ष हा ‘एकूण खर्च, सभासदाच्या सांगण्याप्रमाणे, जिंजी, १६९७’ असा. त्यातील स्थळ आणि साल जागेअभावी गाळू नये. हवे तर माझ्यासारख्यांनी काढलेले किलो गाळावेत.