जुने प्रोग्रॅम, नवी मशीन: वाचकांचे प्रश्न

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर एकच आहे: मशीन बदलायची तयारी आहे, पण जुना प्रोग्रॅम सोडवत नाही. निवडक चार प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: आमच्या देवस्थानाच्या वर्गणी-अभिषेकाच्या पावत्या फॉक्सप्रोतल्या डॉस प्रोग्रॅमवर निघतात. ३२ बिट विंडोज १० वर तो बिनतक्रार चालायचा. नव्या विंडोज ११ च्या संगणकावर उघडतच नाही. समितीतले एक सदस्य म्हणतात, लिनक्स घाला. पावत्या डॉट मॅट्रिक्सवरच हव्यात. (फोंडा तालुका)

उत्तर: प्रोग्रॅम बिघडलेला नाही. डॉसचे १६ बिट प्रोग्रॅम चालवणारा भाग फक्त ३२ बिट विंडोजमध्ये होता, ६४ बिटमध्ये तो नाहीच. आणि विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच निघालेली नाही. म्हणजे विंडोज ११ ठेवा की लिनक्स मिंट घाला, डॉसबॉक्स-एक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) दोन्हीकडे लागणारच. या एका प्रोग्रॅमपुरता लिनक्सला वेगळा त्रास नाही.

जुन्या संगणकावरचे अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर उचला, नुसत्या डीबीएफ (डेटाच्या) फाइली नकोत. इंडेक्स आणि मेमो फाइली मागे राहिल्या तर प्रोग्रॅम अर्धवट उघडतो. ते फोल्डर डॉसबॉक्स-एक्समध्ये सी ड्राइव्ह म्हणून जोडा आणि ती ओळ कॉन्फिग फाइलच्या 'ऑटोएक्झेक' भागात लिहा, म्हणजे कारकुनाला रोज टाइप करावी लागणार नाही. सुरू होताच 'डिव्हाइड बाय झीरो' दिसले तर कारण प्रोसेसरचा वेग. जुने फॉक्सप्रो आणि टर्बो पास्कलचे प्रोग्रॅम सुरुवातीला वेग मोजायला जातात आणि वेगवान मशीनवर तिथेच अडखळतात. कॉन्फिग फाइलमधले 'सायकल्स' (डॉसबॉक्स-एक्सचा वेग) ऑटोवरून काढून स्थिर १०,००० करा. चालू लागले की हळूहळू वाढवा.

छपाईत लोक जास्त अडकतात. डॉस प्रोग्रॅम साधी अक्षरे आणि प्रिंटरचे नियंत्रण-संकेत पाठवतो. ते नेहमीच्या ड्रायव्हरमधून गेले तर बारीक अक्षराचा संकेत कागदावर कचरा म्हणून उमटतो, नाहीतर प्रत्येक ओळ चित्र होऊन निघते आणि एका पावतीला मिनिट लागते. म्हणून लिनक्समध्ये प्रिंटर 'रॉ', म्हणजे ड्रायव्हरशिवायचा, म्हणून नोंदवा. डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल पोर्ट फाइलला जोडा आणि ती फाइल त्या रॉ प्रिंटरकडे पाठवणारी एका ओळीची स्क्रिप्ट डेस्कटॉपवर ठेवा. फाइल किती वेळाने बंद व्हावी तो टाइमआऊट २००० मिलिसेकंद ठेवून बघा. कमी असेल तर प्रोग्रॅम मध्ये थांबला की एक अहवाल दोन फाइलींत तुटतो.

डॉसबॉक्सची खिडकी फुलीने कधीही बंद करू नका. फॉक्सप्रोच्या दृष्टीने ती वीज जाणेच आहे. इंडेक्स बिघडतो आणि पावती क्रमांक पुढेमागे होतात. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेनूतून बाहेर पडा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा यूपीएस हवाच, आणि रीइंडेक्सचा पर्याय कुठे आहे तेही कारकुनाला दाखवून ठेवा.

आणखी एक. तुमच्या प्रोग्रॅमचा पडदा इंग्रजी असावा असे धरून हे लिहिले आहे. सीडॅकच्या जिस्ट कार्डावर (संगणकात बसवायचे भारतीय लिप्यांचे कार्ड) देवनागरी दिसत असेल तर डॉसबॉक्समध्ये ते कार्ड नाही. तो डेटा इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असतो, तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. आयसीयू या सॉफ्टवेअर संचातले 'यूकॉन्व्ह' हे काम करते.

प्रश्न: आमचा छापखाना आहे. पाने जुळवायचे पेजमेकर ७, मराठी फॉन्टचे जुने पॅकेज आणि त्याचा यूएसबी डोंगल (परवान्याची चावी), सगळे विंडोज ७ वर. लिनक्सवर वाइनमध्ये चालेल का? जुन्या फाइलींतला मजकूर कॉपी केला तर इंग्रजी कचरा येतो. (डिचोली)

उत्तर: वाइन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारे सॉफ्टवेअर. पेजमेकर कदाचित त्यात उघडेल. डोंगल मात्र चालेल असे धरू नका. त्याला विंडोजच्या गाभ्यातला ड्रायव्हर लागतो आणि वाइन तो चालवत नाही. त्यावर दिवस घालवण्यापेक्षा सरळ व्हर्च्युअलबॉक्स घ्या, त्यात लिनक्सच्या आत अख्खे विंडोज चालते. विंडोज ७ ३२ बिट, २ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क एवढे पुरते. आपले लिनक्सचे खाते 'व्हीबॉक्सयूजर्स' गटात घालून पुन्हा लॉगिन करा. हे राहिले की यूएसबीची यादी रिकामी दिसते आणि लोक डोंगल मेला समजून नवा मागवतात. मग डोंगलचा यूएसबी फिल्टर बनवा, म्हणजे मशीन सुरू होताच तो आत ओढला जाईल. डोंगल पॅरलल पोर्टचा असेल तर यूएसबी कन्व्हर्टर विकत घेऊ नका. तो बहुधा प्रिंटरपुरताच असतो.

आतल्या विंडोजचे नेटवर्क कार्ड बंद ठेवा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला. फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरने करा. छपाईसाठी आत पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर घालून फाइलमध्ये प्रिंट काढा, बाहेर लिनक्सवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने तिची पीडीएफ करा. सगळे जमले की डिस्कच्या फाइलीची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. परवान्याचेही पाहा: संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्याच मशीनशी बांधलेला असतो.

आता मजकूर. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे नसतात, अक्षरांचे तुकडे असतात, इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले. म्हणून फॉन्ट काढला की कचरा दिसतो. युनिकोड कन्व्हर्टर मिळतात, पण त्याच फॉन्टचा घ्या. एका पॅकेजचा दुसऱ्याला चालत नाही. रूपांतरानंतर सरसकट वाचत बसू नका, चुकणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार उलट, तिथे नंतर आणि इथे आधी. त्यामुळे 'निर्मिती'सारख्या शब्दात दोन्ही एकदम घसरतात. 'दुसऱ्या', 'ऱ्हास' आणि 'स्त्री' हेही शोधून तपासा. पंचांगाचे तक्ते, लग्नपत्रिकांचे नमुने असे पुन्हा लागणारे साहित्यच युनिकोडमध्ये आणा. बाकीच्यांची पीडीएफ काढून ठेवली की पुरे. नवे काम पेजमेकरऐवजी लिनक्सवरच्या स्क्रायबसवर करायचे असेल तर १.५ मालिकेतली नवी किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या, जुनीत जोडाक्षरे फुटतात.

प्रश्न: दुकानाच्या स्टॉकचे जुने विंडोज सॉफ्टवेअर एम चिपच्या मॅकबुकवर चालेल का? (मडगाव)

उत्तर: पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत विंडोज चालवणारे सॉफ्टवेअर) एआरएमसाठीचे, म्हणजे एम चिपच्या जातीचे, विंडोज ११ घातले तर ३२ बिट प्रोग्रॅम बहुतेक चालतात. १६ बिट चालत नाहीत, आणि जुन्या ड्रायव्हरवर अवलंबून असलेले काहीही नाही. पॅरलल्स आणि विंडोज दोन्हींचे पैसे मोजावे लागतात. जुना संगणक ठीक असेल आणि त्यावर विंडोज प्रो असेल, तर तो दुकानातल्या नेटवर्कवरच ठेवून मॅकवरून रिमोट डेस्कटॉपने वापरा. आमच्या मते यात शहाणपणा आहे.

प्रश्न: विंडोज न काढता शेजारी लिनक्स घातले. आता विंडोजची डिस्क लिनक्समधून फक्त वाचता येते, आणि घड्याळ साडेपाच तास चुकते. (म्हापसा)

उत्तर: विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' बंद करून एकदा पूर्ण शटडाऊन करा. ते चालू असताना विंडोज खरे बंद होतच नाही, अर्धवट झोपते, म्हणून लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देते. लिहायला भाग पाडू नका, डेटा जाईल. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या.

घड्याळाचे कारण सोपे आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहिते, लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजते आणि त्यात साडेपाच तास मिळवते. इंटरनेट असेल तर वेळ आपोआप सुधारते. नसेल आणि त्या संगणकावर बिले निघत असतील, तर संध्याकाळी साडेसहानंतर फाडलेल्या बिलावर उद्याची तारीख पडते, आणि हे महिनाअखेरीपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेला हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेने वाचायला सांगा. मधल्या दिवसांतली संध्याकाळची बिले मात्र हातानेच तपासावी लागतील.