प्लॅस्टिक थकतं तेव्हा आत काय होतं?

प्रश्न : खुर्चीची पाठ वाकून पांढरी पडली. गरम पाणी ओतलं की ठीक होते म्हणे?
पांढरेपणा फिका पडेल, ताकद परत येणार नाही. आजोबांना त्या खुर्चीत बसवू नका.

प्रश्न : शाम्पूच्या बाटलीचं झाकण हजारदा उघडलं तरी तुटत कसं नाही?
ते पॉलिप्रॉपिलीन असतं. बिजागरीची पातळ पट्टी वाकताना तिचे रेणू एका दिशेला लागतात.

प्रश्न : पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर ‘10 लाख आवर्तनं उत्तीर्ण’ आहे, तरी आमचे नायलॉनचे गिअर चार महिन्यांत गेले. माल बनावट असेल का?
माल खरा असेलही, कागद अर्धवट आहे. आवर्तन म्हणजे एकदा भार देऊन काढणं; असं वारंवार होऊन माल कमजोर पडतो, तो थकवा. भार किती होता? सेकंदाला किती आवर्तनं? नायलॉन कोरडं की दमट? हे न लिहिता 10 लाख छापणं ही जुनी हातचलाखी. 23 अंशांच्या खोलीत, हलक्या भारावर एवढी आवर्तनं कुणीही काढून देईल. उलट घाईने, जास्त वेगाने चाचणी केली की नमुना आतून तापतो, कारण प्लॅस्टिकमधून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. मग तो थकत नाही, शिजतो.

खरा थकवा नॅनोमीटरमध्ये सुरू होतो. नायलॉनमध्ये जेमतेम 5 ते 10 नॅनोमीटर जाडीचे स्फटिकांचे पापुद्रे असतात, मध्ये लांबलचक रेणूंच्या विस्कळीत साखळ्या. पापुद्र्यांना बांधून ठेवणारे रेणू दर हिसक्याला ताणले जातात, काही निसटतात, काही तुटतात. पापुद्रे कलतात, मोडतात, पोकळ्या होतात. त्या एकमेकींना मिळाल्या की भेग. तुम्हाला दिसते ती हीच, म्हणजे शेवटचा अंक.

गिअरचा तुटलेला दात टाकून दिला नसेल तर बरं. दोन तुकडे जुळवून बघू नका, खुणा पुसल्या जातात. भिंगाखाली शिंपल्यासारख्या वळ्या दिसल्या तर बहुधा थकवा. वितळल्यासारखे ओघळ दिसले तर उष्णता. पुरवठादाराशी भांडण्याआधी तुकडे पॉलिमर प्रयोगशाळेला दाखवा.

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पात हे बदल दाखवायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे फोटो पुरेत ना?
नाही. पातळ काप घेतानाच रचना बिघडू शकते आणि भार काढल्यावर काही पोकळ्या मिटतात. नमुना ताणलेला असतानाच लघुकोनी क्ष-किरण प्रकीर्णन करा, म्हणजे नमुन्यातून जाताना क्ष-किरण लहान कोनांत कसे विखुरतात ते मोजा; इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) सोय आहे. तिथल्या शास्त्रज्ञांशी नमुने कापण्याआधी बोला. बहुतेक विद्यार्थी कापून झाल्यावर विचारतात.

प्रश्न : वडिलांच्या कृत्रिम गुडघ्यातलं पॉलिएथिलीन ‘आयुष्यभर टिकतं’ असं विक्रेता सांगतो.
क्रॉसलिंकिंगने, म्हणजे रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्याने, झीज घटते, पण भेग पसरण्याला होणारा विरोधही कमी होतो. विक्रेता यातलं पहिलंच सांगणार. वडिलांचं वजन, वय, चालणं-फिरणं सांगून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.