मुलीला मेकॅनिकल हवंय, कॉलेज कसं पारखू?

ताई, नमस्कार.

तुमची लेक मराठी माध्यमातली, सीईटीत पर्सेंटाइल चांगले, आणि हट्ट मेकॅनिकलचा. घरचे सगळे कॉम्प्युटर म्हणताहेत. कॉलेजच्या कार्यक्रमपत्रिकेत मुलींसाठी बरंच काही छापलंय. ते खरं की नुसता देखावा, असं तुम्ही विचारलंय.

कार्यक्रम सगळीकडे थोडेफार सारखेच. सुरुवातीला इंडक्शन (नव्या मुलांची कॉलेजशी ओळख), १५ सप्टेंबरला अभियंता दिन (हा अभियंते विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस, ते शिकले पुण्यात, आज सीओईपी म्हणतात त्या इंजिनीअरिंग कॉलेजात), पुढे हॅकेथॉन (टीमने ठरलेल्या वेळात एखाद्या प्रश्नावर उपाय बनवायची स्पर्धा), टेकफेस्ट आणि मार्चमध्ये महिला दिन. या शेवटच्याचं मला फारसं कौतुक नाही. गुलाब, भाषण, फोटो, झालं.

इंडक्शन मात्र बुडवू देऊ नका. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, त्यासाठी तीन आठवडे ठरवून दिलेत. 'खरे तास सुरू झाले की पाठवू' म्हणत पुष्कळ घरं मुलीला थांबवून ठेवतात. नेमक्या त्याच दिवसांत सीनियर्सशी ओळखी होतात, आणि इंग्रजी मोडकंतोडकं बोललं तरी कोणी खात नाही हे कळतं. मराठी माध्यमाच्या मुलांना याची गरज सगळ्यात जास्त.

आता हॅकेथॉन. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांच्या टीममध्ये किमान एक मुलगी असावीच लागते. नियम चांगला आहे, त्यामुळे दार उघडतं. पण काही टीम आदल्या दिवशी कुणाचं तरी नाव घालतात आणि तिच्या हाती पीपीटी देतात. लेकीला सांगा, होकार द्यायच्या आधी विचार, 'यातलं माझं काम कुठलं?' बाहा एसएई या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बनवणाऱ्या टीमचंही तेच. वेल्डिंगला कोण उभं राहतं आणि स्पॉन्सरशिपचे मेल कोण लिहितं, एवढं पाहिलं तरी त्या कॉलेजचा अंदाज येतो.

म्हणून ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरण्याआधी एकदा कॉलेजात जाऊन या. प्राचार्यांना नंतर भेटा, आधी तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा. वर्कशॉप किती वाजेपर्यंत उघडं असतं? मुलींच्या हॉस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं? वर्कशॉप रात्री दहापर्यंत आणि गेट आठला, असं असेल तर मुलींच्या वाट्याला कागदी कामच येणार, मग बॅनरवर काहीही लिहिलेलं असो. अंतर्गत तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं आणि नंबर दर्शनी जागी लावलेत का, तेही बघा. समितीची अध्यक्ष महिलाच असावी, असं लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा सांगतो.

या प्रश्नांची उत्तरं बरी मिळाली तर तिला मेकॅनिकल घेऊ द्या. कोडिंग तिथेही शिकता येतं. मन नसलेली शाखा चार वर्षं ओढणं जास्त महागात पडतं.

खर्चाबद्दल थोडं. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना २०२४-२५ पासून राज्यात शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यात ही सवलत नाही. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे, तिची माहितीही काढून ठेवा. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रावर उभं राहायलाही जागा नसते.