वाचकांचे प्रश्न : इमॅजिका आणि अलिबाग, मुक्काम नेमका कुठे करावा?

प्रश्न : आम्ही पुण्याचे, घरात चौघं. मुलं 5 आणि 9 वर्षांची. तीन रात्रींची सुट्टी आहे. अलिबागलाच तिन्ही रात्री खोली घ्यायची आणि मधल्या एका दिवशी इमॅजिका थीम पार्कला जाऊन यायचं, असा बेत आहे. सामान हलवायला नको म्हणून. बरोबर होईल का?

उत्तर : सामान हलवायचा त्रास परवडला, पण हा बेत नको. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. तिथून खोपोली, पेण, वडखळ करत अलिबाग 70 किलोमीटरच्या आसपास पडतं. रस्ता मोकळा मिळाला तरी दोन-सव्वादोन तास, म्हणजे त्या एका दिवसात साडेचार तास गाडीत जाणार. शिवाय परतीचा प्रवास रात्रीचा. पेण-वडखळ पट्ट्यात गोवा महामार्गाची, कारखान्यांच्या ट्रेलरची आणि अलिबागकरांची गर्दी एकाच ठिकाणी येते, आणि शनिवार-रविवारी तिथे किती वेळ जाईल याचा भरवसा नसतो. या धास्तीने बरीच कुटुंबं पार्कमधून चारलाच निघतात. नेमकं त्यानंतर ऊन उतरतं आणि राइडच्या रांगा आखडायला लागतात. दिवसातला सगळ्यात चांगला वेळ गाडीत जातो.

एक रात्र पार्कजवळ आणि दोन रात्री समुद्रावर, अशी विभागणी करा. पार्कच्या आधीच्या रात्रीपेक्षा नंतरच्या रात्रीचा मुक्काम महत्त्वाचा. पुण्याहून इमॅजिका दोन तासांवर आहे, सकाळी साडेसातला निघालात तरी दार उघडायच्या वेळी पोहोचता. आदल्या रात्रीचे पैसे वाया घालवू नका. (कोल्हापूर, नाशिक किंवा संभाजीनगरहून येणाऱ्यांना मात्र आदली रात्रही लागेलच.) खोलीचा ताबा दुपारनंतर मिळतो, तेव्हा मोठ्या बॅगा गाडीतच राहू द्या. मुलांचे एक-एक जोडी कपडे, टोपी आणि औषधं वेगळ्या छोट्या पिशवीत घ्या. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून नऊला निघालात की दुपारच्या जेवणाआधी समुद्रावर पोहोचाल.

इमॅजिकाचा वॉटर पार्क वगळा, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. पुढे दोन दिवस पाण्यातच जायचे आहेत आणि वॉटर पार्कसाठी सगळ्यांना नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात, सुती चालत नाहीत. आणखी एक काम घरीच करा : मुलांची उंची चपला काढून सेंटिमीटरमध्ये मोजा. मोठ्या राइडना वयाची नव्हे, उंचीची अट असते. आपण कशात बसू शकणार नाही हे मुलाला आधी माहीत असलं तर दारातली रडारड टळते.

प्रश्न : सोबत गुडघेदुखी असलेली आई आहे. पार्कजवळ राहायचं तर नेमकं कुठे? लोणावळा चालेल का?

उत्तर : आई सोबत असतील तर पार्कला लागून असलेलं नोवोटेल महाग वाटलं तरी घ्या. लिफ्ट आहे, दुपारी कंटाळा आला तर खोलीवर परतता येतं आणि गाडी बाहेर काढावी लागत नाही. आईंना राइडमध्ये रस नसेल तर त्यांचं तिकीट काढूच नका. घरातल्या एकाने त्यांच्यासोबत थांबावं. त्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर आहे आणि खोपोलीच्या बाजूला महडचा वरदविनायक. अष्टविनायकातली ही दोन्ही देवळं उन्हं तापायच्या आत करून येता येतात.

बजेट कमी असेल तर खोपोली आणि खालापूर परिसरातली हॉटेलं बघा. जाहिरातीत ‘इमॅजिकाजवळ’ लिहिलेलं असतं, पण ते ठिकाण कर्जतच्या बाजूचं फार्महाउसही निघतं. म्हणून फोनवर पार्कच्या मुख्य दारापर्यंतचं अंतर विचारा आणि नकाशावर ताडून बघा. 15 किलोमीटरच्या पुढचं घेऊ नका.

लोणावळा नको. अंतर कमी दिसतं, पण मध्ये घाट आहे, आणि सुट्टीच्या संध्याकाळी घाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात.

प्रश्न : समुद्रकिनारा कोणता निवडू? काशीदचे फोटो सगळ्यात सुंदर दिसतात, पण लहान मुलांचं काय?

उत्तर : काशीद सुंदर आहेच, पांढरी वाळू आणि मागे डोंगर. पण तिथला उतार लवकर खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. तिथे बुडून मृत्यू झालेले आहेत. शिवाय अलिबागपासून 30 किलोमीटर अरुंद, वळणांचा रस्ता. मुलं दहाच्या आतली असतील तर काशीद दिवसा बघून या, मुक्काम अलीकडे करा. मुरूड-जंजिरा करायचाच असेल तर मात्र काशीद-मुरूडला राहणं सोयीचं, आणि इमॅजिकाहून तिकडे पाली, वाकण फाटा, रोहा असं जाता येतं.

नागावचा किनारा लांबलचक आणि सपाट आहे. वाड्यांमधून घरगुती राहण्याची सोय भरपूर आणि जेवण चांगलं. पण शनिवार-रविवारी पाण्यावरचे खेळ, घोडागाड्या आणि वाळूवर फिरणाऱ्या गाड्या यांचीच गर्दी असते. मुलांना मोकळं सोडता येत नाही. त्याला लागूनच आक्षी आहे. सुरूचं बन, शांतता, खाण्याच्या टपऱ्या कमी. लहान मुलांसाठी आमची पहिली पसंती आक्षीला, दुसरी आठवड्यातल्या मधल्या दिवसांतल्या नागावला. वरसोली अलिबाग शहराला खेटून आहे, औषधाचं दुकान आणि डॉक्टर जवळ हवे असतील तर तिथे राहा. अलिबागच्या मुख्य किनाऱ्याची वाळू काळपट आणि घट्ट, पोहण्यापेक्षा कुलाबा किल्ल्यासाठी जायचं ठिकाण.

कुठेही राहिलात तरी खोली ठरवण्याआधी दिनदर्शिकेत तिथी बघा. या किनाऱ्यावर जुना हिशेब चालतो : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि तिथून सहा तासांवर ओहोटी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. अर्धापाऊण तास पुढेमागे होतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या माणसाला विचारून खात्री करा. मुलांना पाण्यात न्यायचं ते पाणी चढत असताना. ओहोटी लागली की ओढ समुद्राकडे असते, तेव्हा वाळूत किल्ले बांधू द्या. चढत्या पाण्यातही मोठ्यांच्या कमरेच्या पुढे नको, आणि लहान मुलाचा हात सोडू नका.

कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया ते चतुर्थी उत्तम. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप मागे हटतं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या सुमारास येते, उन्हाच्या आत. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमजोर भरती-ओहोटी असते, पाणी पुरतं उतरत नाही. पाणी चढायला लागायच्या आत परत फिरा. अडकलात तर पुन्हा वाट मोकळी व्हायला काही तास थांबावं लागतं.

प्रश्न : ‘बीच टच’ म्हणून घेतलेली खोली किनाऱ्यापासून लांब निघते, असं ऐकलं. फोनवर काय विचारायचं?

उत्तर : नागाव-आक्षीकडे मुख्य रस्ता किनाऱ्याला समांतर जातो आणि मध्ये नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. रस्त्यावरची खोली किनाऱ्यापासून बरीच लांब असू शकते. म्हणून ‘किती जवळ?’ असं विचारू नका. ‘खोलीच्या दारातून वाळूपर्यंत चालत किती मिनिटं, आणि मध्ये रस्ता ओलांडावा लागतो का?’ असं विचारा आणि ठिकाणाचं लोकेशन मागवून घ्या. टेम्पो ट्रॅव्हलर नेत असाल तर ती गल्लीत शिरते का, हेही. वाड्यांच्या गल्ल्या अरुंद असतात आणि रात्री गाडी मागे घेताना फार हाल होतात.

त्यानंतर पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, पिण्यासाठी वेगळी सोय आहे का ते विचारा. उन्हाळ्यात वीज जाते. इन्व्हर्टरवर पंखे चालतात, एसी बहुतेक वेळा चालत नाही. जेवणाची मासळी आणि माणसं सकाळीच सांगावी लागतात, पार्कवरून रात्री उशिरा पोहोचून ‘काहीतरी द्या’ म्हणालात तर मिळणार नाही. जादा गादीचे पैसे आणि मुलांच्या वयाची मर्यादा लेखी मागवा, कारण वाद तिथेच होतो.

भाव विचारताना कर धरून विचारा. सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर 18 टक्के. 9,000 ची एक मोठी फॅमिली रूम 10,620 ला पडते, 4,500 च्या दोन खोल्या 9,450 ला. मुलं आजीसोबत झोपणार असतील तर दोन खोल्याच घ्या.

प्रश्न : आम्ही ठाण्याचे, गाडी नाही. जूनमध्ये जमेल का?

उत्तर : गाडीशिवाय जमतं, पण पार्क आधी आणि समुद्र नंतर असाच क्रम ठेवा. खोपोलीपर्यंत लोकल, तिथून रिक्षा ठरवून पार्कजवळचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी खोपोलीहून पेणला आणि पेणहून अलिबागला एसटी. परतताना मांडव्याहून बोटीने मुंबई, म्हणजे तोच रस्ता दोनदा होत नाही. अशा वेळी किहीम किंवा वरसोली घ्या, तिथून मांडवा जवळ.

जूनमध्ये मात्र गेटवेच्या नेहमीच्या लाँच पावसाळ्यासाठी बंद झालेल्या असतात. भाऊच्या धक्क्याची रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) हवामान बघून चालते, तिचं वेळापत्रक आदल्या दिवशी तपासा आणि रद्द झाली तर एसटीने परतायची तयारी ठेवा. पावसाळी समुद्रात उतरायचंच नाही, त्यामुळे जूनमध्ये समुद्रावर एकच रात्र पुरे. वाचलेली रात्र पार्कजवळ घाला. पाऊस जोरात आला तर उघड्यावरच्या राइड काही वेळ थांबतात, आणि दुसरा दिवस हाताशी असला की त्या उद्यावर टाकता येतात.